नागपूरच्या उन्हातून सात रंग : घरी पहिल्यांदाच लोलक हातात घेणाऱ्यांसाठी

शाळेच्या पुस्तकातली लोलकाची (प्रिझमची) आकृती फार सोपी दिसते. डावीकडून एक पांढरा किरण येतो, त्रिकोणी काचेत शिरतो आणि उजवीकडून सात रंग होऊन बाहेर पडतो. तीच आकृती डोक्यात ठेवून मूल लोलक खिडकीत धरतं, तेव्हा भिंतीवर पडतो एक ढोबळ पांढरा कवडसा. एका कडेला थोडी लाल-पिवळी झालर, दुसऱ्या कडेला निळसर, मधे हिरव्याचा पत्ताच नाही. मग लोलक वाईट निघाला असं ठरतं आणि तो कपाटात जातो.

लोलक बहुतेक वेळा अगदी चांगला असतो. कमी पडतात त्या तीन गोष्टी : बारीक फट, पुरेसं अंतर आणि अंधार. या तिन्ही जमल्या की साध्या शालेय लोलकातून असा रसरशीत पट्टा भिंतीवर उतरतो की मोठी माणसंही काम सोडून बघत उभी राहतात. तो पट्टा मिळवायचा कसा, आणि मिळाल्यावर त्याच्याशी काय काय करून बघायचं, हे इथे क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक सक्त सूचना. लोलकातून, भिंगातून किंवा आरशातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. रंग भिंतीवर किंवा कागदावर पाडायचे आणि तिथेच पाहायचे. लहान मुलं प्रयोग करत असतील तर मोठ्या माणसाने शेजारी असावं.

ऊन कधीचं घ्यायचं

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी बाराच्या पुढेमागे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि ऊन खिडकीतून आत शिरतच नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या प्रयोगाचा उत्तम काळ. दक्षिणेची खिडकी असेल तर दिवसभर तिरपं ऊन आत येतं.

उन्हाळ्यात सकाळचं पूर्वेचं किंवा संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन धरावं लागतं. एक सोय मात्र उन्हाळ्यातच असते : खिडक्यादारं बंद, पडदे ओढलेले, खोली आधीच अर्धी अंधारी. अडचण कूलरची. चांगली खिडकी नेमकी कूलरने अडवलेली असते, आणि दुसरी मिळाली तरी कूलरच्या वाऱ्याने कागद फडफडत राहतात. तेवढा वेळ कूलर बंद ठेवा. पंखाही.

अगदी सूर्योदयाचं ऊन घेऊ नका. तेव्हा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यातला निळा-जांभळा भाग वाटेतच विखुरतो आणि पट्ट्याचं जांभळं टोक फिकं पडतं. सूर्य वीसेक अंश वर येऊ द्या. नागपुरात मे महिन्यात ही वेळ साधारण सात-सव्वासातला येते, डिसेंबरात साडेआठच्या सुमारास.

पहिली पायरी : परात, पाणी आणि आरसा

लोलक आणण्याआधी हे करा. सगळं सामान घरात आहे.

खिडकीतून ऊन जिथे पडतं तिथे जमिनीवर परात ठेवा आणि काठोकाठ पाणी भरा. हाताएवढा आरसा पाण्यात तिरपा बुडवा, तोंड सूर्याकडे. जमिनीशी त्याचा उतार तीस-चाळीस अंशांचा असावा. मागून टेकू म्हणून कणकेचा गोळा लावला तर उतार हवा तसा बदलता येतो. आता पाणी शांत होईपर्यंत थांबा.

रंग कुठे पडतील याचा अंदाज नवख्यांचा हमखास चुकतो. आरसा सूर्याकडे तोंड करून आहे, म्हणजे प्रकाश उलट खिडकीच्याच बाजूला फेकला जातो. तेव्हा खिडकीच्या वरच्या भिंतीवर नाहीतर छतावर बघा. सापडत नसेल तर पांढरा कागद हातात धरून हवेत शोधा. आरशाचा थोडा भाग पाण्याबाहेर राहिला असेल तर त्याचा वेगळा पांढरा कवडसा पडतो. तो रंगीत होणार नाही, त्याच्यामागे लागू नका.

इथे लोलकाचं काम पाणी करतं. वरचा सपाट पृष्ठभाग आणि खालचा तिरपा आरसा यांच्यामधे पाण्याचा पाचरीसारखा तुकडा तयार होतो. प्रकाश आत जाताना वळतो, आरशावरून परततो, बाहेर पडताना पुन्हा वळतो.

आता आरसा काढून पुसा आणि त्यावर काळा कागद चिकटपट्टीने लावा, फक्त सेंटिमीटरभर रुंदीची एक आडवी पट्टी उघडी ठेवा. पुन्हा बुडवा. उजेड कमी होईल, पण रंग जास्त वेगळे दिसतील. हा फरक डोळ्यांनी नीट पाहून ठेवा, कारण पुढचा सगळा प्रयोग याच गोष्टीवर उभा आहे.

फट इतकी महत्त्वाची का

समजा, तुमच्या लोलकावर अडीच सेंटिमीटर रुंदीचा उन्हाचा झोत पडतोय. त्या झोताचे मनाने बारीक उभे तुकडे करा. प्रत्येक तुकडा आपापला सात रंगांचा पट्टा तयार करतो, आणि हे सगळे पट्टे भिंतीवर एकमेकांवर थोडे थोडे सरकून पडतात. मधल्या भागात एकाचा तांबडा, दुसऱ्याचा हिरवा, तिसऱ्याचा निळा असे सगळे एकाच जागी येतात आणि पुन्हा पांढरं होतं. फक्त दोन कडांना मिसळायला कोणी शेजारी नसतो. म्हणून एका कडेला तांबडा-पिवळा उरतो आणि दुसऱ्या कडेला निळा-जांभळा. हिरवा पट्ट्याच्या मधला, त्यामुळे तोच सगळ्यात आधी हरवतो. भिंतीवर स्पष्ट हिरवा दिसला की समजायचं, फट आणि अंतर दोन्ही जमलं.

पण फट केसाएवढी बारीक करण्यातही अर्थ नाही. सूर्य आपल्याला आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे फट कितीही बारीक केली तरी तीन मीटरवर तिचा कवडसा अडीच-पावणेतीन सेंटिमीटर पसरतोच. फट आणखी बारीक केल्याने नुसता उजेड जातो. दोन ते तीन मिलिमीटर पुरे.

दुसरी पायरी : खोली आणि फट

नागपुरात बर्डी किंवा महाल या भागांतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून एक काळा आणि एक पांढरा कार्डशीट आणा. काळ्यात कटरने दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि तीन-चार सेंटिमीटर लांब फट कापा. पट्टी लावून कापा. फटीची कड दातेरी असेल तर रंगांच्या पट्ट्यावर आडव्या रेघा उमटतात.

खिडकी पुठ्ठ्याने झाका. खोक्याचा जाड पुठ्ठा उत्तम. कडेच्या सांध्यांतून उजेड येतोच, तिथे जाड चादर किंवा सतरंजी लावा. पुठ्ठ्याला एक चौकोनी भोक पाडून त्यावर फटीचा काळा कागद चिकटवा. खोलीत डोळे सरावल्यावर वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात पण मजकूर वाचता येत नाही, एवढा अंधार पुरतो.

ऊन फार वरून येत असेल तर फटीतून आलेला झोत लगेच जमिनीवर आपटतो. अशा वेळी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर एक छोटा आरसा ठेवून ऊन आडवं फटीतून आत पाठवा. ही युक्ती वापरली तर उन्हाळ्यातही बराच वेळ प्रयोग करता येतो.

सूर्य सरकतो हे विसरू नका. चार मिनिटांत एक अंश, म्हणजे तीन मीटरवर सुमारे पाच सेंटिमीटर. भिंतीवर खुणा करायच्या असतील तर भराभर करा, आणि आरसा दर थोड्या वेळाने हलवत राहा.

तिसरी पायरी : लोलक मांडणं

शाळेत वापरतात तो ६० अंशांचा काचेचा लोलक घ्या. शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानात मिळतो. अ‍ॅक्रिलिकचा चालतो, फक्त त्यावर ओरखडे लवकर पडतात. झुंबराचे लोलक दिसायला देखणे, पण त्यांना इतके पैलू असतात की रंगांचे तुकडे खोलीभर उडतात आणि एकही पट्टा नीट मिळत नाही. या कामाला ते घेऊ नका.

लोलक हातात धरायचा तो दोन्ही त्रिकोणी टोकांना. चौकोनी पृष्ठभागांवर बोट लागलं तर मऊ सुती कापडाने पुसा. बोटाच्या तेलकट डागाने पट्टा पुसट होतो.

पुस्तकांची चळत फटीच्या उंचीपर्यंत रचा आणि लोलक तिच्यावर त्रिकोणी टोकावर उभा ठेवा. फटीपासून तो वीस सेंटिमीटरच्या आत असावा. लोलकाची लांब कड आणि फट एकमेकींना समांतर हव्यात : लोलक उभा तर फट उभी, लोलक आडवा तर फट आडवी. हे उलटं झालं तर रंग फटीच्या लांबीच्या दिशेने पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा पांढरं दिसतं.

चौथी पायरी : हळूहळू फिरवा

इथे घाई करू नका.

लोलक ठेवल्याबरोबर अनेकदा बाजूच्या भिंतीवर एक स्वच्छ पांढरा कवडसा दिसतो आणि रंग कुठेच नसतात. याचं कारण आहे. प्रकाश लोलकाच्या पृष्ठभागावर जवळजवळ सरळ आत शिरला तर तो दुसऱ्या पृष्ठभागावर इतका तिरपा आदळतो की बाहेरच पडू शकत नाही. आतल्या आत पूर्ण परावर्तित होतो आणि तिसऱ्या बाजूने पांढराच निघून जातो. साध्या काचेच्या ६० अंशांच्या लोलकात प्रकाश लंबापासून तीसेक अंशांपेक्षा कमी कोनात आला की असं होतं. लोलक आणखी वळवा, प्रकाश बराच तिरपा आत येऊ द्या. पन्नास अंशांच्या आसपास नेमकं जमतं.

रंग शोधायचे ते समोर नव्हे, बाजूला. लोलक प्रकाशाला आपल्या जाड बाजूकडे, म्हणजे पायाकडे वळवतो, आणि तेही थोडंथोडकं नाही, जवळपास ३९ अंश. समोरच्या भिंतीवर डोळे लावून बसलात तर पट्टा शेजारच्या भिंतीवर पडलेला असतो आणि कोणाचं लक्षही नसतं.

पट्टा सापडला की लोलक एकाच दिशेने अगदी सावकाश फिरवत राहा. पट्टा भिंतीवर सरकत जाईल, मग थांबेल आणि लोलक त्याच दिशेने फिरत असतानाच पट्टा मागे परतू लागेल. ज्या जागी तो थांबतो तिथे प्रकाश सगळ्यात कमी वळलेला असतो. त्याला किमान विचलन म्हणतात. लोलक तिथेच ठेवा. या स्थितीत लोलकातून जाणारा किरण पायाला समांतर जातो आणि पट्टा सगळ्यात रेखीव दिसतो. हात फिरतोय पुढे आणि रंग येतायत मागे, हे पहिल्यांदा पाहताना मला झालेला आनंद आजही कमी झालेला नाही. मुलांना हे सांगून टाकू नका, त्यांना स्वतःच सापडू द्या.

पाचवी पायरी : बघा, खुणा करा, मोजा

भिंत रंगवलेली असेल तर तिच्यावर पांढरा कार्डशीट लावा, नाहीतर भिंतीचा रंग आपल्या पट्ट्यात मिसळतो. लोलकापासून अंतर तीन मीटर ठेवा. साध्या काचेच्या लोलकाचा पट्टा तिथे साधारण आठ ते दहा सेंटिमीटर लांब येतो. फ्लिंट नावाच्या जड काचेचा लोलक असेल तर लांबी जवळपास दुप्पट भरते. पाण्याचा लोलक यांच्यापेक्षा कमी पसरवतो.

प्रत्येक रंगाच्या सुरुवातीला आणि शेवटी पेन्सिलने खूण करा. सगळ्यात कमी वळलेला तांबडा, सगळ्यात जास्त वळलेला जांभळा. मधला क्रम तानापिहिनिपाजा : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. पिवळ्याची पट्टी किती अरुंद असते ते बघा. आकृतीत सातही रंगांना सारखी जागा दिलेली असते, भिंतीवर तसं काही नसतं.

पारवा वेगळा दिसत नसेल तर मुलाला तो बळेच लिहायला लावू नका. रंगांच्या मधे कुठेही रेघ नसते, एक रंग दुसऱ्यात मुरत जातो. न्यूटनने सात हा आकडा धरला तो सप्तकातल्या सुरांशी मेळ घालून. पुष्कळ लोकांना सहाच रंग नीट ओळखता येतात आणि वहीत सहा लिहिले तर ते निरीक्षण चूक ठरत नाही.

न्यूटनने १६६६ मध्ये हेच केलं होतं. अंधारी खोली, खिडकीच्या दाराला एक बारीक गोल भोक, लोलक आणि २२ फुटांवर भिंत. त्याला रंगांचं फार नवल वाटलं नाही, लोलकाचे रंग लोकांना आधीपासून माहीत होते. त्याला अडवलं ते आकाराने. भोक गोल, सूर्य गोल, मग भिंतीवरचा ठसा सव्वातेरा इंच लांब आणि अडीच इंचांहून थोडाच जास्त रुंद का? रुंदीच्या पाचपट लांबी कुठून आली? तुम्हीही फटीऐवजी कागदाला पेन्सिलीच्या टोकाएवढं गोल भोक पाडून बघा. तोच प्रश्न तुमच्या भिंतीवर उभा राहील.

रंग सुटे का होतात

पोकळीत सगळे रंग एकाच वेगाने जातात, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. काचेत शिरल्यावर सगळेच मंदावतात, पण सारखे मंदावत नाहीत. साध्या काचेत तांबड्या प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण १ लाख ९८ हजार किलोमीटर राहतो, जांभळ्याचा १ लाख ९६ हजार. फरक एवढाच. जो जास्त मंदावतो तो जास्त वळतो. पुस्तकाच्या भाषेत जांभळ्यासाठी काचेचा अपवर्तनांक (पोकळीतला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट, तो आकडा) सुमारे १.५३ आणि तांबड्यासाठी १.५१. या प्रकाराला प्रकाशाचं अपस्करण म्हणतात आणि मिळालेल्या पट्ट्याला वर्णपंक्ती.

काचेतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर कंप पावतात म्हणून हे घडतं. त्यांचा स्वतःचा कल अतिनील, म्हणजे जांभळ्यापलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशाइतक्या वेगवान कंपनांकडे असतो. जांभळ्याची कंपनं त्याच्या जास्त जवळची, म्हणून काच त्याला जास्त अडवते.

मग खिडकीच्या साध्या काचेतून रंग का दिसत नाहीत? तिथेही पहिल्या पृष्ठभागावर रंग सुटे होतात. पण दुसरा पृष्ठभाग पहिल्याला समांतर असतो. जेवढं वळवलं तेवढंच तो उलट वळवतो आणि सगळे रंग पुन्हा एका दिशेने, एकत्र बाहेर पडतात. लोलकाचे दोन पृष्ठभाग एकमेकांशी कोन करून असतात, म्हणून दुसऱ्या पृष्ठभागावर वळण परत फिटत नाही, आणखी वाढतं.

रंग काचेने घातले की उजेडातच होते?

हा प्रश्न मुलाने विचारला तर त्याचं कौतुक करा. काच उजेडाला रंगवते असाच पुष्कळ जणांचा समज होता. मला वाटतं, लोलकाचा प्रयोग इथपर्यंत आल्याशिवाय पुरा होत नाही. नुसते रंग पाडून थांबलात तर अर्धाच झाला.

पहिली तपासणी दुसऱ्या लोलकाने. पट्ट्याच्या वाटेत एक पुठ्ठा धरा, त्याला बारीक फट असू द्या आणि तिच्यातून फक्त हिरवा पलीकडे जाऊ द्या. त्या हिरव्यात दुसरा लोलक ठेवा. काच रंग घालत असेल तर आता आणखी रंग निघायला हवेत. निघत नाहीत. हिरवा वळतो, हिरवाच राहतो. फट थोडी रुंद असेल तर त्याच्या कडेला किंचित पिवळट किंवा निळसर छटा दिसेल. ती शेजारच्या रंगांतून आलेली असते. मग तांबडा आणि निळा पाठवून बघा आणि निळा तांबड्यापेक्षा जास्त वळतो का ते मोजा.

दुसरी तपासणी भिंगाने, आणि ही मला सगळ्यात आवडते. लोलकापासून मीटरभर अंतरावर, जिथे पट्टा तीन-चार सेंटिमीटर झालेला असतो, तिथे वाचायचं मोठं भिंग असं धरा की सगळे रंग त्यात मावतील. भिंगामागे पांढरा कागद वीस-तीस सेंटिमीटरच्या आसपास पुढेमागे करा. एका जागी सगळे रंग एकमेकांवर येतात आणि कागदावर पांढरा ठिपका उमटतो. आता भिंगाच्या अगदी पुढे, तांबड्याच्या वाटेत पेन्सिल आडवी धरा. पांढरा ठिपका निळसर हिरवा होतो. पेन्सिल निळ्यावर न्या, ठिपका पिवळट. पेन्सिल काढा, पुन्हा पांढरा. भिंग उजेड गोळा करतं, म्हणून त्या ठिपक्याच्या जागी डोळा न्यायचा नाही.

भिंग नसेल तर पहिल्या लोलकाला अगदी लागून दुसरा तसाच लोलक उलटा ठेवा, एकाचा पाया डावीकडे तर दुसऱ्याचा उजवीकडे. बाहेर पांढरा प्रकाश येतो. कारण उघड आहे : दोघे मिळून समांतर पृष्ठभागांची जाड काच झाले.

संत्रा ठेवून बघा

नागपूरच्या घरात हा प्रयोग करायलाच हवा. पिकलेला, केशरी सालीचा संत्रा घ्या आणि अंधाऱ्या खोलीत रंगांच्या पट्ट्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू न्या. तांबड्या आणि नारिंगी भागात साल लख्ख उजळते. हिरव्यात ती मंदावते. निळ्यात पोहोचली की जवळजवळ काळी पडते. संत्र्याची साल निळा प्रकाश शोषून घेते आणि तिथे परतवायला तिच्याकडे दुसरं काही आलेलंच नसतं. मग एक हिरवं पान घ्या. ते हिरव्यात उजळेल, तांबड्यात काळपट दिसेल. पांढरा कागद प्रत्येक ठिकाणी त्या त्या रंगाचा दिसतो, कारण तो सगळेच रंग परतवतो.

पट्टा जिथे संपल्यासारखा वाटतो तिथे प्रकाश संपत नाही. विल्यम हर्शेलने १८०० मध्ये तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे तापमापी ठेवली आणि पारा चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटरला जांभळ्याच्या पलीकडचा अदृश्य भाग सापडला. हर्शेलचा प्रयोग घरी करायला नाजूक तापमापी आणि बराच धीर लागतो, सुरुवातीला तो सोडून द्या.

पावसाळ्यात काय करायचं

जून ते सप्टेंबर उन्हाचा भरवसा नाही, पण तेव्हा आकाश स्वतःच हा प्रयोग करतं. इंद्रधनुष्याचा तांबडा पट्टा सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून ४२ अंशांवर दिसतो, जांभळा ४० अंशांवर. त्यामुळे सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून आकाशात इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही. नागपुरात तर वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही भर दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो, म्हणजे इथे बाराच्या ठोक्याला आकाशात इंद्रधनुष्य शोधणं व्यर्थ. चार-साडेचारनंतर सर येऊन गेली आणि मागून ऊन पडलं की गच्चीवर जा, सूर्याकडे पाठ करा आणि पूर्वेकडे पाहा. अंगणात पाइपने बारीक फवारा उडवून तेच घरीही दिसतं, तिथेही पाठ सूर्याकडेच.

विज्ञान प्रदर्शनात मांडायचं असेल तर

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शाळाशाळांत प्रदर्शनं भरतात. सी. व्ही. रमण यांनी १९२८ मध्ये याच तारखेला रमण परिणामाचा शोध लावला. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाची वर्णपंक्ती तपासताना त्यांना मूळ प्रकाशात नसलेल्या नव्या रेषा सापडल्या होत्या. तेच रमण वित्त खात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात नेमणुकीवर होते. गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं आहे. प्रदर्शनाच्या तयारीत असलेल्या मुलांना तिथे एकदा जरूर न्या.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू असतात आणि ऊन टेबलापर्यंत येत नाही. तिथे भिंतीवर पट्टा पाडण्याचा हट्ट सोडा. त्यापेक्षा डोळ्याने बघण्याचा खोका करा. साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीचा खोका आतून काळ्या कागदाने मढवा. एका टोकाला मिलिमीटरभर रुंदीची उभी फट ठेवा आणि तिच्यामागे बल्ब. दुसऱ्या टोकाशी, कोपऱ्याजवळ, लोलक उभा चिकटवा. बघायचं भोक मात्र फटीच्या अगदी समोर येत नाही. लोलकातून पाहताना फट तिच्या जागेवरून चाळीसेक अंश लोलकाच्या पातळ कडेकडे, म्हणजे पायाच्या उलट बाजूला, सरकलेली दिसते. म्हणून आधी लोलक डोळ्याजवळ धरून, मान वळवत रंग शोधा, डोळा जिथे होता तिथे पेनाने खूण करा आणि तिथेच भोक पाडा.

बल्ब बदलता येईल अशी सोय ठेवा. खोक्याची खरी मजा त्यातच आहे. जुना तारेचा पिवळा बल्ब लावला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा दिसतो, निळ्या बाजूला थोडा मंद. पांढरा एलईडी लावला की निळा झळाळतो, त्याच्यापुढे उजेड किंचित खचतो आणि मग हिरवा-पिवळा-तांबडा पसरतो. एलईडीच्या आत मुळात निळा दिवाच असतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपातून बाकीचे रंग येतात, हे त्या खाचेवरून ओळखता येतं. जुना सीएफएल मिळाला तर जरूर आणा. त्यात पट्टा तुटलेला दिसतो, हिरवी, नारिंगी-तांबडी, निळी अशा फटीच्या सुट्या रंगीत प्रतिमा. तिन्ही दिवे नुसत्या डोळ्याला पांढरे किंवा पिवळसर, आणि लोलकातून तिघांचे चेहरे वेगळे.

याच रीतीने ताऱ्यांमधले पदार्थ ओळखतात. १८६८ च्या ऑगस्टमधल्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला आला होता आणि त्याने सूर्याच्या ज्वाळांची वर्णपंक्ती तपासली. त्या वर्षी सूर्यात सापडलेली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. ते होतं हेलियम. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ उजाडलं.

मुलं बऱ्याचदा प्रदर्शनात सीडीचे रंग दाखवून त्यालाही अपस्करण म्हणतात. तपासायला येणारे शिक्षक इथे नक्की अडवतील. सीडीवर १.६ मायक्रोमीटर अंतरावर बारीक रेघांचे वेढे असतात आणि तिथे रंग सुटे होतात ते विवर्तनाने, म्हणजे त्या रेघांवरून प्रकाश पसरल्याने. ओळखण्याची खूण सोपी आहे : लोलकात जांभळा सगळ्यात जास्त वळतो, सीडीवर तांबडा. दोन्ही शेजारी मांडून हा फरक दाखवता आला तर उत्तमच. खोक्याला बघण्याच्या भोकाभोवती काळं कापड शिवून घ्या, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यात हॉलचा उजेड शिरणार नाही, आणि भोकाची उंची पाचवीतल्या मुलाला पाय न उचलता बघता येईल एवढीच ठेवा.